वणव्यात होरपळलेलं झाड जगणार की मरणार, हे कसं ओळखायचं

वणवा विझल्यावर दुसऱ्याच दिवशी कोयता-करवत घेऊन बागेत शिरू नका. करपलेली पानं बघून झाड मेलं असं ठरवायचं आणि ते तोडून टाकायचं, ही कोकणात सर्रास होणारी चूक. तिच्या उलटी चूकही तितकीच महाग पडते: शेंडा हिरवा राहिला म्हणून झाड वाचलं असं धरायचं, त्याच्याकडे पाठ फिरवायची, आणि वर्षभराने ते उभ्याउभ्या वाळलेलं बघायचं. आगीत झाड नेमकं कुठे मरतं हे ठाऊक असेल तर दोन्ही टळतात.

झाड मरतं कुठे

तीन जागा आहेत. शेंड्याचे डोळे, बुंध्याची साल आणि जमिनीलगतची मुळं. यांतली बुंध्याची जागा सगळ्यात फसवी.

सालीच्या आत, काष्ठाला चिकटून एक अगदी पातळ ओला थर असतो. झाडाची जाडी वाढते ती याच्यामुळे. हा थर साधारण ६० अंश सेल्सिअसला मिनिटभरात मरतो. तिथवर उष्णता पोचायला किती वेळ लागणार हे सालीची जाडी ठरवते, आणि हिशेब सरळ दुपटीचा नाही, जाडीच्या वर्गाचा आहे. उत्तर अमेरिकेतल्या सूचिपर्णी झाडांवरून बसवलेलं ढोबळ सूत्र असं: अर्धा सेंटिमीटर साल असेल तर पाऊण मिनिट, १ सेंटिमीटर असेल तर जवळजवळ ३ मिनिटं, २ सेंटिमीटर असेल तर १२ मिनिटांच्या आसपास. आपल्या झाडांच्या साली वेगळ्या, त्यामुळे आकडे मागेपुढे होतील, पण प्रमाण तेच. साल दुप्पट जाड तर वेळ चौपट.

आता हे सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, लावून बघा. वाळकं गवत भडकतं मोठं, पण एका जागी मिनिटभरही टिकत नाही. जुन्या आंब्याच्या जाड सालीला नुसत्या गवताच्या आगीने फार काही होत नाही. झाड मारतो तो बुंध्याशी साठलेला पातेरा (वाळक्या पानांचा थर), पडलेली वाळकी फांदी, छाटणीनंतर तिथेच ठेवलेला ढीग. ज्वाळा दिसेनाशा झाल्या तरी हे तासन् तास धुमसत राहतं आणि मानेजवळची, म्हणजे खोड जमिनीला मिळतं तिथली, साल भाजून काढतं.

उतारावर आणखी एक गोष्ट जुळून येते. पातेरा घसरून बुंध्याच्या डोंगराकडच्या बाजूला अडकतो. खालून वर चढणारी आगही बुंध्याला वळसा घालून त्याच बाजूला उंच उठते. म्हणून खालच्या वाटेवरून बघितलं तर खोड ठीक दिसतं आणि पाठीमागे साल अर्ध्या घेरापर्यंत गेलेली असते. सपाटीवर आग ज्या दिशेने पुढे गेली, ती बाजू आधी बघायची.

बुंध्याची साल सगळीकडून मेली तरी शेंडा लगेच वाळत नाही. मुळांतून पाणी वर नेणाऱ्या नळ्या काष्ठात असतात, त्या बऱ्याचदा शाबूत राहतात. तुटते ती पानांतून मुळांकडे अन्न नेणारी वाट, कारण ती सालीत असते. मुळं साठवलेल्या अन्नावर काही महिने काढतात, कधी पूर्ण पावसाळाही काढतात. मग उपासमारीने मरतात आणि त्यानंतर वरचं झाड वाळतं. ‘वणव्यातून वाचलं होतं, नंतर कशाने गेलं कोण जाणे’ असं ज्या झाडांबद्दल म्हणतात, त्यांतली बरीच अशी गेलेली असतात.

परदेशी माहिती वाचताना

वणवा आणि झाडांचं मरण यावरचा पुष्कळसा अभ्यास कॅनडा, अमेरिका, सायबेरियातल्या जंगलांवर झालेला आहे. तिथे शेंड्याचा किती भाग होरपळला आणि साल किती जाड होती, या दोन मापांवरून झाड जगेल की नाही याचा अंदाज बांधतात. माप घ्यायची पद्धत आपल्यालाही चालते, निष्कर्ष मात्र जसाच्या तसा उचलू नये. स्प्रूस, फर ही पातळ सालीची झाडं. पाइन, फर, स्प्रूस यांचा शेंडा पूर्ण जळाला की बहुतेकांना खोडावरून नवी फूट येत नाही, झाड संपतं. पुढची पिढी बियांतून उभी राहते. ब्लॅक स्प्रूस आणि जॅक पाइनची शंकूफळं राळेने बंद असतात, ती आगीच्या उष्णतेने उघडतात आणि जळक्या जमिनीवर बी सांडतं. उलट पाँडेरोसा पाइनसारखं जाड सालीचं झाड जमिनीवरच्या आगीतून सहज निभावतं.

आपली झाडं बहुतेक रुंद पानांची आणि फुटवे देणारी. शेंडा सगळा करपला तरी मान आणि मुळं जिवंत असतील तर आशा असते. त्यामुळे आपल्याकडे तपासणीत शेंड्यापेक्षा बुंध्याला जास्त गुण द्यायचे.

पहिले दोन दिवस

धुमसणारी जागा शोधून विझवणं हेच काम. जुन्या खोडाची ढोली, तोडलेल्या झाडाचा खुंट, जमिनीखाली जळत गेलेलं वाळकं मूळ इथे आग दोन-तीन दिवसही राहते. पांढऱ्या राखेची लांबट पन्हळ दिसली तर खाली मूळ जळून गेलेलं असतं. तिथे पाय देऊ नका, आत निखारा असतो. ढोलीत पाणी ओतून वर ओला चिखल थापा. ज्या मोठ्या झाडाची एका बाजूची मुळं जळाली आहेत त्याच्या आसपास माणसं, गुरं फिरकू देऊ नका. वारा नसतानाही ते कलंडू शकतं.

नुकसानीचा पंचनामा व्हायचा असेल तर त्याआधी काही तोडू नका. तलाठी आणि कृषी सहायक यांना लगेच कळवा. प्रत्येक झाडाला आकडा घाला, आकडा दिसेल असा फोटो काढा, सातबारावर झाडांची नोंद आहे का ते बघून ठेवा. विजेच्या तारेच्या ठिणगीने आग लागली असेल तर पोलीस ठाण्यात आणि वीज कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या.

आणखी एक. आंबा, फणस, जांभूळ, साग, खैर, ऐन, किंजळ ही झाडं महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. जळालं म्हणून ते आपोआप तोडायला मोकळं होत नाही. जागा खाजगी असली तरी परवानगी घ्यावी लागते.

दहा-पंधरा दिवसांनी तपासणी

याआधी तपासलं तर मेलेला थरही ताजा दिसतो, कारण त्याचा रंग बदलायला दिवस लागतात. सोबत कलमाचा धारदार चाकू, पातं पुसायला स्पिरिट, वही, तीन रंगांचे डबे आणि बोर्डोपेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप, कृती पुढे) घ्या.

जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर उंचीवर खोडाला चार बाजूंनी चार खिडक्या पाडायच्या. पहिली सगळ्यात जास्त काळवंडलेल्या बाजूला, बाकीच्या पाव-पाव घेरावर. खिडकी एवढीच: १ सेंटिमीटर रुंद, २ सेंटिमीटर उंच. वरची जळकी साल खरवडा, मग चाकू काष्ठाला लागेपर्यंत हळू आत न्या आणि तुकडा उचला. जिवंत थर पांढरट किंवा फिकट हिरवट, ओला, बोटाला बुळबुळीत लागणारा. मेलेला तपकिरी, कधी कोरडा, कधी पाणचट, आणि नाकाशी नेलात तर आंबूस वास. साल बाहेरून कोळसा झालेली आणि आत पांढरीशुभ्र, असं जाड सालीच्या झाडात नेहमी दिसतं. म्हणून काळेपणावरून निकाल देऊ नका, खिडकी पाडा. खिडक्या एकमेकींना जोडल्या जाऊ देऊ नका आणि बघून झालं की लगेच पेस्ट लावा.

चारपैकी किती मेल्या तो त्या झाडाचा आकडा. एकही नाही किंवा एकच: पांढरी खूण, झाड जगायला हरकत नाही. दोन: पिवळी खूण, निगा हवी. तीन: पिवळीच, पण फार भरवसा ठेवू नका, विशेषतः शेंडाही निम्म्याहून जास्त गेला असेल तर. चारही मेल्या: तांबडी खूण. वरचं झाड जाणार, आता प्रश्न खालून फूट येते का एवढाच.

त्यानंतर शेंडा. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीवर नखाने खरवडा. आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत. दुसरी खूण त्याहून सोपी आहे आणि लांबूनही दिसते: करपलेली पानं गळाली का? पान गाळणं हे जिवंत डहाळीचं काम आहे. देठाशी पेशी वेगळ्या व्हाव्या लागतात तेव्हा पान सुटतं. पंधरा दिवसांत पानं गळून फांदी उघडी पडली तर ते बरं लक्षण. तांबूस पानं आठवडेच्या आठवडे फांदीला तशीच लटकून राहिली तर ती डहाळी आगीतच गेली. बागायतदाराला नेमकं उलटं वाटतं, कारण उघडं झाड जास्त भकास दिसतं.

झाडागणिक फरक

हापूसचं मोठं कलम सालीच्या जोरावर गवताची आग सोसतं. चार-पाच वर्षांच्या आतलं कलम सोसत नाही. तिथे कलमाचा सांधा शोधा आणि त्याच्या वर-खाली खरवडा. सांध्याच्या वर जिवंत असेल तर तिथून येणारी फूट हापूसची, ती राखा. सांध्याखालून येणारी फूट रायवळ, म्हणजे कोयीच्या गावठी आंब्याची. वरचं मेलं असेल तर रायवळचेही दोन-तीन जोमदार फुटवे ठेवा, पावसाचा मुख्य जोर ओसरला की त्यांवर नवं कलम बांधा. मुळं जुनी, बसलेली असल्याने नव्याने लावलेल्या रोपापेक्षा ते लवकर वर येतं.

काजू यात सगळ्यात दुबळा. साल तुलनेने पातळ, फांद्या जमिनीला टेकलेल्या, खाली पातेऱ्याचा थर. आग पातेऱ्यातून फांदीवर आणि फांदीवरून शेंड्यात जाते. काजूत दोन खिडक्या मेल्या तर ते तीन मेल्यासारखंच धरा. मानेजवळून फूट येते, पण तोवर रोठा हा खोडकिडा लागायचा धोका असतो. त्याबद्दल पुढे.

माड आणि पोफळीला वरची तपासणी लागूच पडत नाही. त्यांच्या खोडात सालीखाली असा एकच थर नसतो, अन्नपाण्याच्या नळ्या खोडभर विखुरलेल्या असतात. माडाचं खोड काळं पडलं तरी तेवढ्यावर तो मरत नाही. त्याचा जीव एकाच ठिकाणी, शेंड्यातल्या कोंबात. मधल्या न उघडलेल्या पात्यावर रंगाची खूण करा. माडाला साधारण महिन्याला एक झावळ येते, त्यामुळे तीन आठवड्यांत खूण वर सरकलेली दिसली पाहिजे. कोंब ओढल्यावर हातात आला आणि घाण वास सुटला तर माड गेला.

रानात ऐन, किंजळ, कुंभा, पळस ही जाड सालीची, आगीला सरावलेली झाडं. साग आणि किंजळ बुंध्यातून जोरात फुटतात. कोकम आणि देवराईतली सदाहरित झाडं पातळ सालीची. तिथल्या ओल्या सावलीत आग सहसा शिरत नाही, पण शिरली तर नुकसान मोठं होतं. किनाऱ्यावरचा सुरू आग अजिबात सोसत नाही. सुरूच्या बनात पडलेल्या वाळक्या काड्यांच्या गादीवर कुणी चूल मांडली की काय होतं, हे किनारपट्टीला सांगायला नको. बांबूचे जळालेले दांडे पावसाआधी जमिनीलगत, पहिल्या पेऱ्याच्या वर कापून टाका. कंद जमिनीत सुखरूप असतो, नवे कोंब पावसात येतात.

पाऊस येईपर्यंतची निगा

पांढऱ्या आणि पिवळ्या खुणेच्या झाडांना पाणी द्या, पण बेताने. पानं कमी तर पाण्याची गरजही कमी. लहान कलमाला आठवड्याला १५ ते २० लिटर, मोठ्या झाडाला पंधरवड्याला १०० ते १५० लिटर, खोडापासून दूर आळ्यात. खत आत्ता नको, युरिया तर नकोच. नत्राने कोवळी लुसलुशीत फूट येते आणि ती पोसायची ताकद भाजलेल्या मुळांत नसते. पहिली पालवी निबर झाल्यावर बघू. झाडावर राहिलेली फळं काढून टाका, आणि पुढच्या हंगामात पिवळ्या खुणेच्या झाडाचा मोहोरही. जीवावर येतं, पण तीच शिदोरी फुटीला लागते.

पानांची सावली गेल्याने एप्रिल-मेचं ऊन थेट सालीवर पडतं आणि आगीतून वाचलेली साल उन्हाने भाजते. पश्चिम आणि दक्षिण बाजूचं खोड, मोठ्या फांद्यांची वरची बाजू, यांना चुन्याची सफेदी द्या.

बोर्डोपेस्टसाठी मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. मोरचूद ५ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, चुना वेगळ्या ५ लिटरमध्ये विरवून गाळून घ्या. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची. लोखंडी किंवा जस्ताची नकोत. दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळा. लोखंडी सुरीचं चकचकीत पातं मिनिटभर बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद जास्त झालं आहे, अशी पेस्ट सालीला जाळते. थर यायचा थांबेपर्यंत चुन्याचं पाणी घाला. त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी ती निकामी. हातमोजे आणि चष्मा हवाच.

मेलेली साल ओढून काढू नका. ती खालच्या भागाला सावली देते आणि जिवंत-मेल्याची सीमा अजून ठरलेली नसते. पावसाळ्यात ती आपसूक तडकून उचलते, तेव्हा सैल झालेली तेवढीच काढा आणि कडेला पेस्ट लावा. फांद्यांचंही तसंच: लटकणाऱ्या, धोक्याच्या फांद्या पावसाआधी उतरवा. मोठी छाटणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, फूट कुठवर आली ते दिसल्यावर करा.

उतारावरच्या बागेत झाडांइतकीच मातीची काळजी करा. गवताचं आच्छादन गेलेलं असतं, कातळावर माती वीतभर असते, आणि जूनची पहिली सर राखेसकट ती व्याळात (ओढ्यात) नेते. जळक्या फांद्या उताराला आडव्या, जमिनीला टेकवून रांगांत घाला, पाठीमागे दगड लावा. ढासळलेला गडगा (दगडी बांध) मेमध्येच उभा करा.

पावसानंतर: भिरूड आणि रोठा

वणव्यातून वाचलेली झाडं पुढच्या दोन-तीन वर्षांत मरतात त्याचं मोठं कारण खोडकिडा. भाजलेलं, अशक्त झालेलं खोड तो अचूक हेरतो. कॅनडा-अमेरिकेतल्या जंगलातही हेच होतं, तिथे सालीतले भुंगेरे होरपळलेल्या पाइनवर उतरतात.

ऑगस्टपासून दर महिन्याला पिवळ्या खुणेची झाडं बुंध्यापासून पहिल्या फांदीपर्यंत बघा. आंब्यात छिद्रातून भुसा बाहेर येतो, खाली जमिनीवर त्याची रास दिसते: ही भिरूड. काजूत मानेजवळ, कधी मातीखालच्या मुळावर डिंक आणि भुसा एकत्र दिसतो: हा रोठा. छिद्र चाकूने मोकळं करा, टोकाला आकडा वळवलेली तार आत घालून अळी बाहेर काढा किंवा आतच चिरडा, रॉकेलचा बोळा कोंबा आणि चिखलाने बुजवा. कीटकनाशक वापरायचं असेल तर कोणतं आणि किती, हे कृषी विभागाला विचारून. काजूचा निम्म्याहून जास्त घेर पोखरला गेला आणि पानं पिवळी पडली तर ते झाड मुळासकट काढून जाळून टाका. ठेवलंत तर शेजारच्या दहा झाडांना किडा पुरवत राहील.

ऑक्टोबरात तांबड्या खुणेच्या झाडांचा निकाल लावा. सागाला किंवा किंजळाला फुटवे आले असतील तर परवानगी घेऊन खोड जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर तिरकं कापा. फुटव्यांतले दोन, फार तर तीन ठेवा. तेही मातीलगत आलेले, कारण उंचावरचे वाऱ्यात फाटतात. पिवळ्या खुणेच्या झाडांना मात्र अजून एक पूर्ण उन्हाळा द्या. तो निभावला तरच ती पांढऱ्यात घ्यायची.

पुढच्या हंगामाआधी

बुंध्याभोवती १ मीटरपर्यंत पातेरा, गवत, छाटणीचा ढीग ठेवू नका. ओल टिकवायला आच्छादन हवंच असेल तर ते आळ्यात, खोडापासून हातभर लांब. काजूच्या जमिनीला टेकणाऱ्या फांद्या कंबरेच्या उंचीपर्यंत काढा. बागेच्या हद्दीने ३ ते ६ मीटर रुंदीची जाळरेषा (आग अडवायला गवत साफ केलेला पट्टा) नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काढा, डोंगराच्या खालच्या अंगाला जास्त रुंद, कारण आग चढावर वेगाने येते. गवत नुसतं कापून तिथेच टाकलं तर ती जाळरेषा नव्हे, आगीची वात होते. गवत उचलून न्या. शेजारी राब भाजणारे (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणारे) असतील तर त्यांचा दिवस विचारून ठेवा आणि त्या दिवशी बागेत माणूस ठेवा. जंगलात आग दिसली तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

जाळरेषा जाळूनच काढायची असेल तर आधी वनरक्षकाला सांगा. पाणी, फावडी आणि ओल्या फांद्या घेतलेली चार-पाच माणसं हवीत. दव सुकलं की सुरू करा, वाऱ्याच्या विरुद्ध, थोडी थोडी. समुद्रावरचा वारा अकरा-बारापासून जोर धरतो, त्याच्या आत शेवटचा निखारा विझलेला हवा.